चांदोरकरांची रिकामी केबिन

सरकारने माणसाला जसा मतदानाचा हक्क दिला आहे, तसा रिकाम्या खोलीतला दिवा बंद करण्याचा हक्क आपल्याला जन्मतःच मिळालेला आहे, असं दीनानाथ चांदोरकर मानत. शिवाय मतदानाचा हक्क पाच वर्षांतून एकदा बजावता येतो, हा रोज. दिल्लीत मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कोणी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलं की परत येईपर्यंत बैठकीत अंधार झालेला असे. पद्मजाबाई लग्नानंतरची पहिली काही वर्षं ह्याला काटकसर म्हणाल्या, मग सवय म्हणाल्या, आणि हल्ली काहीच म्हणत नसत. अंघोळीला जाताना मात्र "अहो, मी आत आहे" असं दोनदा ओरडून सांगत. एकदा सांगायला विसरल्या होत्या. त्या दिवशीचं बोलणं मुलीच्या, तनयाच्या, देखत झालं म्हणून थोडक्यात आटोपलं.

असा माणूस नोएडाच्या एका विमा कंपनीत प्रशासनाचा मॅनेजर असावा, आणि नेमक्या त्याच ऑफिसला मुंबईच्या हेड ऑफिसने 'विजेचं बिल आवरा' म्हणून खडसवावं, हा निव्वळ दुग्धशर्करा योग होता. शाखेचा प्रमुख राघव मेहरोत्रा हा तरुण गडी. त्याचं वय चांदोरकरांच्या नोकरीएवढं असेल-नसेल, पण पद मोठं असल्यामुळे चांदोरकर त्याला सर म्हणत आणि तो त्यांना चांदोरकरजी. तो म्हणाला, "चांदोरकरजी, कुछ स्मार्ट कीजिए." एवढं बोलून तो विमानतळाकडे रवाना झाला. आठवड्यातले निम्मे दिवस तो विमानात असे आणि उरलेले निम्मे विमानतळावर.

चांदोरकरांनी स्मार्ट काय ते शोधून काढलं. छताला बसवायची वाटीएवढी पांढरी डबी. खोलीत माणसाची हालचाल दिसते तोवर ती दिवा राहू देते, दिसेनाशी झाली की घालवून टाकते. म्हणजे थोडक्यात, प्रत्येक खोलीच्या छताला एकेक चांदोरकर. हे वाचलं तेव्हा त्यांना भरून आलं. आयुष्यभर आपण जे एकट्याने, टीका सोसून, चपला फटफटवत केलं, त्यावर कुठेतरी शास्त्रज्ञ काम करत होते तर!

डब्या विकणाऱ्या कंपनीने उन्मेष नावाचा इंजिनीयर पाठवला. मुलगा पुण्याचा, मुनिरकाला खोली घेऊन राहणारा. मराठी ऐकून दोघांनाही बरं वाटलं आणि तिथेच घात झाला, कारण आपल्या माणसाचा सल्ला आपण कधीच ऐकत नाही. उन्मेषने समजावलं, "काका, ह्यात दोन प्रकार. एक, आत पाऊल टाकलं की दिवा आपोआप लागतो आणि आपोआप जातो. दुसऱ्यात बटण तुम्ही दाबायचं, फक्त घालवायचं काम डबीचं."

"म्हणजे पहिल्यात कोणी नुसतं डोकावलं तरी दिवा लागणार?" चांदोरकर म्हणाले. "माणसाला हात दिलेत कशाला? दुसरा दे."

"बरं. हालचाल थांबल्यावर किती वेळाने घालवायचा? मी वीस मिनिटं ठेवतो."

"वीस मिनिटं? रिकाम्या खोलीत? कोणासाठी?"

"काका, माणूस कधी कधी स्वस्थ बसलेला असतो."

"ऑफिसात स्वस्थ बसायला पगार देत नाहीत. कमीत कमी किती होतं?"

कमीत कमी होतं ते अर्ध्या मिनिटाचं होतं, पण ते डबी चालते की नाही एवढं तपासण्यापुरतं असतं, असं उन्मेषने परोपरीने सांगितलं. चांदोरकर म्हणाले, "मग आमच्याकडे रोज तपासणी चाललीय असं समज." नुसतं टायपिंग केलं तरी ओळखणारी एक भारी डबीही होती. तिच्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

रविवारी सोसायटीच्या बागेत विषय निघाला. वरच्या मजल्यावरचे भल्लाजी म्हणाले, "जी, हमारे साले साहब ने लगवाए थे फ़ैक्टरी में. बिल्लियाँ घूमती थीं, बत्ती जलती थी. अब बिल्लियाँ पाल ली हैं." ह्यातून नेमका काय बोध घ्यायचा ते त्यांनी सांगितलं नाही. विश्वनाथ सप्रे मात्र सरकारी खात्यातून निवृत्त झालेले विजेचे इंजिनीयर. उभी नोकरी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये काढलेली, त्यामुळे त्यांना घाई हा प्रकार माहीत नव्हता. त्यांनी एडिसनपासून सुरुवात केली. ते मुद्द्यावर आले तोवर चांदोरकर भाजी घेऊन घरी पोचले होते. तो मुद्दा, म्हणजे 'ही डबी डोळ्यांनी बघत नाही, हलणारी ऊब बघते', चांदोरकरांनी थांबून ऐकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मग परवानग्या. इमारत एकाची, तिची देखभाल दुसऱ्या एजन्सीकडे, आणि कंपनी भाडेकरू. डबी बसवायची म्हणजे छताला भोक पाडायचं. एजन्सीचे त्यागीजी करार उघडून बसले. करारानुसार खोट्या छताची खालची बाजू भाडेकरूची, वरची मालकाची. "अब बताइए, छेद किसका?" त्यागीजींनी विचारलं. चांदोरकर म्हणाले, छेद दोघांचा. मग दोघांची सही लागेल. मालकाच्या वकिलाने कळवलं की भोक ही वस्तू नसून वस्तूचा अभाव आहे, तेव्हा त्याची मालकी सांगता येत नाही. पाडायला मात्र परवानगी लागते. आगीच्या सुरक्षेचं बघणाऱ्याला भोकांचा नकाशा हवा होता. चांदोरकरांनी तोही काढून दिला. नुसते ठिपके होते, पण सुबक होते. शेवटी 'तात्पुरती भोकं' म्हणून मंजुरी मिळाली, अट एकच : जागा सोडताना ती पूर्वस्थितीत परत करायची. भोक पूर्वस्थितीत परत करणं म्हणजे काय, हे विचारायला चांदोरकर थांबले नाहीत.

उद्घाटनाला राघव सर चक्क जमिनीवर हजर होता. चांदोरकरांनी हिंदीत छोटंसं भाषण केलं. दिल्लीत तीस वर्षं काढूनही त्यांची हिंदी पुण्यात इस्त्री करून आणल्यासारखी होती. ते म्हणाले, "यंत्र के ना रिश्तेदार होते हैं, ना लाडले. आदमी है तो बत्ती है. बत्ती नहीं है, तो समझिए आदमी नहीं है, चाहे वह कुछ भी कहे!" टाळ्या पडल्या. राघव सरला ते वाक्य इतकं आवडलं की त्याने ते छापून प्रत्येक बटणाच्या वर चिकटवलं, खाली चांदोरकरांचं नाव घालून.

पहिली तक्रार पुरुषांच्या स्वच्छतागृहातून आली, आणि शब्दशः आतून आली. तिथलं बटण दाराबाहेर होतं. आत बसलेला माणूस कितीही महत्त्वाचा असला तरी तो अशा वेळी हातवारे करत नाही. अंधार झाला की पुढचा माणूस येऊन बटण दाबेपर्यंत वाट बघणं आलं. लोक जोडीने जाऊ लागले. अकाउंट्सच्या खन्नाबाबूंनी तर गळ्यात टॉर्च अडकवली. त्यांनी तक्रार केली तेव्हा चांदोरकर गंभीरपणे म्हणाले, "खन्नाजी, हिलते रहिए."

मग शोकसभा झाली. कंपनीचे संस्थापक, ज्यांना सगळे बाबूजी म्हणत, ते मुंबईत वारले. नोएडात कॉन्फरन्स रूममध्ये त्यांचा भलामोठा फोटो हार घालून भिंतीशी उभा केला. भिंत तीच, जिच्यावर दिव्याचं बटण होतं. दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली. विक्री विभागाचा चोप्रा, जो 'गुड मॉर्निंग' म्हणतानाही दोन्ही हात खांद्यापर्यंत नेत असे, तोही त्या दिवशी हात जोडून पुतळ्यासारखा उभा राहिला. शांतता अर्ध्यावरही आली नव्हती आणि भप्पकन अंधार झाला.

"बाबूजी आ गए," कोणीतरी पुटपुटलं. त्यानंतर तर कोणी पापणीही हलवेना. चांदोरकरांना खरं कारण ठाऊक होतं, पण शांततेत बोलणार कसे? ते चाचपडत भिंतीकडे गेले, त्यांचा हात हारात गेला, बटणाऐवजी बाबूजींचं नाक लागलं, आणि बाबूजी फ्रेमसकट चोप्राच्या खांद्यावर येऊन विसावले. चोप्राने फोडलेली किंकाळी खालच्या मजल्यावर ऐकू गेली. पुढल्याच महिन्यात त्याला बढती मिळाली. त्यामुळे त्या प्रसंगाबद्दल चोप्राने कधी तक्रार केली नाही, उलट तो आशीर्वाद होता असं तो सर्वांना सांगे, अर्थात दोन्ही हातांनी.

आता चांदोरकरांचं स्वतःचं. उभी हयात हॉलमध्ये, झेरॉक्स मशीन आणि पाण्याचा कूलर ह्यांच्या मधोमध बसून काढल्यावर त्यांना अलीकडे एक केबिन मिळाली होती. पूर्वी तिथे स्टेशनरी ठेवत. खिडकी नव्हती. पण दार होतं, दारात वहीच्या पानाएवढी काच होती आणि काचेखाली पितळी पाटी होती : 'डी. व्ही. चांदोरकर'. पाटी लागली त्या दिवशी त्यांनी पद्मजाबाईंना मेट्रोने नोएडाला आणून ती दाखवली होती. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, आणि निवृत्तीच्या दिवशी ह्याच दारातून बाहेर पडायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. माणसाला आयुष्यात फार काही लागत नाही. एक दार लागतं.

ह्या केबिनमध्ये पहिल्यांदा अंधार झाला तेव्हा त्यांना वाटलं वीज गेली. दुसऱ्यांदा झाला तेव्हा त्यांनी उन्मेषला फोन केला, डबी बिघडलीय. उन्मेष येऊन पाहून गेला. डबी ठणठणीत होती. बिघडलेले चांदोरकर होते.

त्याचं असं, की ते हलतच नसत. लहानपणी 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं, की तोंडावरचं बोट निघालं तरी हाताची घडी राहिली. ते वाचत तेव्हा फक्त डोळे हलत, विचार करत तेव्हा तेही थांबत. रागावले तरी आवाज चढत नसे, हात उठत नसे, नुसती एक भुवई वर जाई आणि तीही चष्म्याच्या आत. बाहेर विक्री विभागात चोप्रा मंडळी क्रिकेटवर बोलत तरी दिवे संध्याकाळपर्यंत लखलखत. आत चांदोरकर अख्ख्या ऑफिसचे करार वाचत आणि दर अर्ध्या मिनिटाने अंधारात जात. उठायचं, बटण दाबायचं, बसायचं, ओळ शोधायची, तोवर अंधार. शेवटी ते टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या उजेडातच काम करू लागले. एवढंच असतं तर त्यांनी ते गुपचूप सोसलं असतं.

पण त्या डब्या नुसत्या दिवे घालवत नव्हत्या, चहाड्याही करत होत्या. कोणत्या खोलीत दिवसातून किती वेळ दिवा, म्हणजेच माणूस, असतो, ते मुंबईला बसल्या जागी एका बोर्डावर दिसत होतं. तिमाही संपल्यावर तिथून राघव सरला मेल आली, प्रशासनाचे मॅनेजर म्हणून प्रत चांदोरकरांना. नोएडा शाखेत सर्वांत जास्त वापर शाखाप्रमुखांच्या केबिनचा, अभिनंदन. सर्वांत कमी वापर चांदोरकरांच्या केबिनचा. ही खोली जवळजवळ कायम रिकामी असते. तिथे कर्मचाऱ्यांसाठी आरामाची खोली करावी. पाहणीसाठी मुंबईहून मयुरा सबनीस येतील.

चांदोरकरांनी मेल पुन्हा वाचली. राघव सर त्या तिमाहीत बहुतेक हवेत होता. मग त्याच्या केबिनमध्ये बसलं होतं कोण? ते जाऊन पाहून आले. राघव सरच्या वाढदिवसाचे चकचकीत फुगे कोणी काढलेच नव्हते. सकाळी झाडूवाली बटण दाबून जाई, मोठ्या खिडकीतून ऊन येई, एसीचा वारा सुटे, आणि फुगे डुलत डुलत दिवसभर काम करत. चांदोरकर तिथे बराच वेळ उभे राहिले. त्यांना सरळ सरळ वाईट वाटलं. माणसाने माणसापुढे हरावं, पण वाढदिवसाच्या फुग्यापुढे?

घरी पद्मजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मी इतकी वर्षं ओरडतेय ना, 'अहो, मी आत आहे'? आता तुम्ही ओरडा," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी निमूटपणे त्यांच्या पानात साजूक तुपाची धार जरा जास्त सोडली.

"मी काय निर्जीव आहे का?" चांदोरकर ताटाकडे बघत म्हणाले.

"निर्जीव मीन्स?" तनयाने विचारलं. अर्थ कळल्यावर म्हणाली, "नाही यार बाबा, तू निर्जीव नाहीस, पण थोडा हिल ना! तू बोलतोस तेव्हा वाटतं की टीव्हीवर सातच्या बातम्या चालल्यात. आणि त्यांना सांगून टाक ना, सेटिंग चुकलंय म्हणून. सिंपल."

सिंपल कसलं! सेटिंगची किल्ली आता मुंबईकडे होती. बदल हवा तर लेखी कारण द्यायचं, आणि त्याची प्रत साऱ्या ऑफिसला जाणार. काय लिहिणार? 'मी हलत नाही'? आणि त्या कारणाखाली ज्याचं नाव, त्याचंच वाक्य बटणाबटणावर चिकटलेलं. खन्नाबाबू तर गळ्यातली टॉर्च परजून तयारच होते.

सप्र्यांनी ह्या वेळी मुद्द्यापासून सुरुवात केली, पण फार उशिरा. "चांदोरकर, त्याला हलणारी ऊब लागते. उन्हात तापलेल्या फुग्यात ती आहे. तुमच्यात ऊब आहे, पण ती हलत नाही." भल्लाजींनी मोटारीत ठेवायचा मान हलवणारा कुत्रा आणून दिला. कुत्रा टेबलावर दिवसभर मान हलवत राहिला, पण त्याच्यात ऊब नव्हती. कुत्रा आणि चांदोरकर मिळून एक पूर्ण माणूस होत होता. दुर्दैवाने डबी दोघांना वेगवेगळं मोजत होती.

मग भल्लाजींनी शिकवणी घेतली. "देखिए जी, बात पहले हाथ से निकलती है, ज़ुबान बाद में आती है. बोलिए, 'ओए, क्या बात कर रहे हो!' और हाथ ऐसे." त्यांचा हात असा गेला की बाकावर शेजारी बसलेला माणूस उठून दुसरीकडे बसला. चांदोरकरांचा हात छातीपर्यंत गेला, तिथे अवघडला आणि माफी मागितल्यासारखा परत मांडीवर आला. त्यांनी भाजीवाल्याकडे सराव केला. 'भेंडी ताजी आहे का' हे त्यांनी हात उंचावून विचारलं तेव्हा भाजीवाल्याला वाटलं साहेब भडकले, त्याने घाबरून जादा कोथिंबीर दिली. कोथिंबीर मिळाली, पण केबिन कोथिंबिरीने वाचणार नव्हती.

शेवटी पाहणीच्या दिवसासाठी त्यांनी एक साग्रसंगीत बेत आखला. मॅडम आल्या की फायली डावीकडून उजवीकडे न्यायच्या, मग पाणी प्यायला उठायचं, मग गरम होतंय म्हणून कागदाने वारा घ्यायचा. अर्धा तास दिवा विझू दिला नाही तर केबिन राहील, असा त्यांचा हिशोब होता. रात्री झोपेत त्यांचा हात हलत होता असं पद्मजाबाई म्हणतात.

मयुरा सबनीस तनयापेक्षा थोडी मोठी, शांत, नीटनेटकी बाई निघाली. राघव सर तिला जेवणानंतर सगळ्या खोल्या दाखवत फिरला. चांदोरकर आपल्या दारात उभे होते. त्यांच्या डोक्यावरून आत हात दाखवत तो म्हणाला, "और यह वाला तो वैसे भी ख़ाली रहता है, मैम." तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो बोलत बोलत दूर गेला.

"चांदोरकर सर ना?" मयुरा म्हणाली. "मराठीत बोललं तर चालेल? सकाळपासून हिंदी बोलून माझा जबडा दुखायला लागलाय."

चांदोरकरांनी बटण दाबलं, तिला खुर्ची दिली, दार लोटलं आणि पहिल्या फायलीला हात घातला. "हे ऑफिस इथे आलं तेव्हापासून तुम्ही आहात?" तिने विचारलं, आणि खरंच ऐकायचं असल्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिली.

बेत तिथेच फिसकटला. उन्मेष सोडला तर ह्या ऑफिसात त्यांच्याशी मराठीत कोणी बोललं नव्हतं, आणि हिंदीतही असं काही विचारलं नव्हतं. ते सांगू लागले. कनॉट प्लेसहून सामान इकडे आणलं तेव्हा जिन्यात अडकलेली तिजोरी, पहिल्या उन्हाळ्यात पाण्याविना काढलेले दिवस, खन्नाबाबूंच्या मुलीच्या लग्नाला अख्खं ऑफिस कसं राबलं ते. फाईल तशीच राहिली. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ. समोर मयुराही तशीच, हात जुळवून, मान किंचित कलती, एकाग्र. शेवटी तीही शिस्तीतल्या घरात वाढलेली. दिवा गेला.

आता खरं तर कोणीतरी उठायला हवं होतं. पण मयुरा तेव्हा बोलत होती, आणि पाहुणा बोलत असताना मध्येच उठणं चांदोरकरांच्या रक्तात नव्हतं. आणि दुसऱ्याच्या खोलीतल्या बटणाला त्याच्या देखत हात कसा लावायचा, ह्या संकोचाने मयुरा उठली नाही. दोघंही इतकी सुसंस्कृत की काळोखात बसून राहिली. पाहुण्यांसमोर तो चालू ठेवणं बरं दिसत नाही म्हणून चांदोरकरांनी कॉम्प्युटरही आधीच बंद केलेला होता. गप्पा मात्र सुरळीत चालू राहिल्या.

बऱ्याच वेळाने मयुराने अदबीने विचारलं, "सर, लाइट गेलीय का?"

"नाही," चांदोरकर म्हणाले. "लाइट आहे. आपण नाही."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. कमीत कमी वेळ आपणच ठरवला, भाषण आपणच केलं, कुत्रासुद्धा लपवला नाही. मयुराने फोन काढून मुंबईचा बोर्ड उघडला. फोनच्या निळसर उजेडात तिचा चेहरा दिसला. बोर्डावर ही खोली रिकामी होती.

"म्हणजे मी अजून मुंबईतच आहे," ती म्हणाली आणि खळखळून हसली. चांदोरकरही हसले. उजेडात त्यांना हे कधी बोलता आलं नसतं.

"मॅडम, मी रोज इथे असतो हो," ते म्हणाले. "सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांच्या नंतर जातो. फक्त हलत नाही."

मयुरा काही बोलणार, तेवढ्यात दाराबाहेर राघव सरचा आवाज आला. "अंधेरा है. लगता है दोनों कैंटीन गए. जल्दी कर चोप्रा, मैम के आने से पहले सेट कर देते हैं." दार ढकललं गेलं आणि दारभर काहीतरी फुगीर आत घुसू लागलं. आराम खोलीसाठी आणलेली ती दाण्यांची पोतडीवजा खुर्ची, म्हणजे बीन बॅग, होती. ती चौकटीत अडकली. मागून चोप्रा ढकलत होता, पुढून राघव सर ओढत होता.

"यह मेज़, यह अलमारी, सब स्टोर में," धापा टाकत तो म्हणाला. "बाहर की प्लेट भी निकलवा दे. चांदोरकरजी को बाद में बता देंगे. वो कुछ बोलते थोड़े ही हैं."

एवढं बोलून त्याने बटण दाबलं.

टेबलाच्या ह्या बाजूला हात जुळवून मयुरा सबनीस बसल्या होत्या आणि त्या बाजूला हात मांडीवर ठेवून चांदोरकर. दोघंही त्याच्याकडेच बघत होती. राघव सरच्या हातून पोतडी सुटली. चोप्राला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याचे दोन्ही हात पोतडीखाली अडकल्यामुळे त्याला शब्द सापडेनात.

"मैम, आप... यहाँ? पर बोर्ड पर तो ख़ाली..."

"हाँ, मैंने भी अभी देखा," मयुरा म्हणाली. "बोर्ड मैं ठीक करवा लूँगी. कमरा चांदोरकर सर का ही रहेगा." तिने पर्समधून पेन काढलं आणि ती काहीतरी लिहू लागली, जणू आता पुढचं तिचं काम नव्हतं.

सगळे चांदोरकरांकडे बघू लागले. गेल्या कित्येक दिवसांत रात्री पडल्या पडल्या त्यांनी बरीच झणझणीत उत्तरं तयार केली होती. फुग्यांवर एक होतं, विमानतळावर तर दोन होती. त्यातलं एकही त्यांना आठवलं नाही. ते सावकाश उभे राहिले. हात उचलला नाही, आवाज चढवला नाही, चष्म्यामागे भुवई तेवढी वर गेली.

"सर," ते म्हणाले, "खटखटाकर आइए."

राघव सरने मयुराकडे पाहिलं. ती मान खाली घालून लिहीत होती. त्याने चोप्राकडे पाहिलं. मग त्याने पोतडी मागे रेटायला सुरुवात केली. ती येताना अडकली होती तशीच जातानाही अडकली, आणि तिच्यासकट चोप्रा, आणि चोप्रामागोमाग राघव सर असे ते वरातीने बाहेर पडले. दार ओढलं गेलं. क्षणभर पलीकडे कुजबूज झाली.

मग दारावर टकटक झाली.

चांदोरकर खुर्चीत बसले. समोरची फाईल त्यांनी सरळ केली, पेन तिच्यावर नीट आडवं ठेवलं. टकटक पुन्हा झाली, ह्या वेळी जरा नरम. तेव्हा, ज्या ऑफिसात त्यांनी इतकी वर्षं चारचौघांत हिंदी आणि इंग्रजीखेरीज अक्षर काढलं नव्हतं, तिथे ते बाहेरच्या हॉलपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या."